पलीकडचा दोर

१

आडवा झालेला डंपर उभा करायचा म्हणजे लोकांना वाटतं ताकदीचं काम. मोठी गाडी आणा, दोर बांधा, ओढा, झालं. पण नुसत्या ताकदीवर कामं झाली असती तर हत्तींनी घरं बांधली असती. डंपर उठवणं अवघड नाही. उठलेला डंपर खाली ठेवणं अवघड.

मामांचं सगळं आयुष्य या खाली ठेवण्यात गेलं होतं. भरावाच्या कडेला माती ओतताना हौदा वर जातो, ओली माती एका कोपऱ्याला चिकटून बसते, उंचावर एका अंगाला भार येतो, आणि एवढं थोरलं धूड डुलकी लागल्यासारखं कलंडतं. मग कुणीतरी धावत मामांकडे येतो. मामा डबा खात असले तर आधी डबा पुरा करतात. "पडलेली गाडी पळून जात नाही," म्हणतात.

कुशीवर पडलेली गाडी ओढता ओढता एक क्षण असा येतो, की ती ना इकडची ना तिकडची. तेवढा क्षण गेला की ती आपल्याच वजनाने चाकांवर यायला निघते. कुणी धरली नाही तर आदळते, चेंडूसारखी उसळते, आणि ओढणाऱ्याच्याच अंगावर पालथी होते. म्हणून दोर दोन लागतात, दोन्ही तारेचे. एक अलीकडून ओढणारा, एक पलीकडून धरणारा. ओढणारा चारचौघांना दिसतो, नाव त्याचं होतं. धरणारा गाडीच्या आड असतो. पण ओढणाऱ्याचा जीव त्याच्या मुठीत असतो.

दोघांच्या मध्ये गाडी आडवी, म्हणून दोघं एकमेकांना दिसत नाहीत. तेव्हा हाकेवर काम चालतं. मामा विचारणार, "धरलं का?" पलीकडून ओ येणार, "धरलंय!" मगच विंचचा, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राचा, दांडा खाली. गाडी चाकांवर टेकली की मामा म्हणणार, "सोड!" पलीकडून "सोडलं!" आलं की मग माणसं गाडीला हात लावणार. मधल्या काळात साइटवर बोलायची यंत्रं आली, पण मामांचा भरवसा गळ्यावर.

पलीकडचा दोर मामांनी जावयाला दिला होता. साइटवर त्याला सगळे बापू म्हणत. लेकीने लग्नानंतर एकदाच मागणं मागितलं होतं, "बाबा, ह्यांना कामाला घेताय ते घ्या, पण ओढायच्या बाजूला उभं करू नका." मामांनी तो शब्द पाळला. बापूला साइटवर ते 'तू' म्हणत आणि घरी गेल्यावर 'तुम्ही'. मुकादम हसायचा, "मामा, फाटकातून बाहेर पडताना तुमची जीभ कपडे बदलते."

२

त्या दिवशी डंपर भरावाच्या उतारावर पडला होता. ड्रायव्हरला सगळे मिश्या म्हणत, कारण चेहऱ्यावर दुसरं काही दिसायचंच नाही. त्याला खरचटलंही नव्हतं, पण तो दगडावर डोकं धरून बसला होता. "मामा, माझी काही चूक नाही हो. ती स्वतःच झोपली."

"झोपली तर उठवू की. तू पाणी पी."

उन्हाचा रखरखाट होता. मामांनी ओढणारा दोर स्वतःच्या हाताने बांधला, कडी तीनदा चाचपली. बापू त्याची छोटी गाडी घेऊन वळसा घालून पलीकडे गेला. इंजिनं धडधडत होती. मामा विंचच्या दांड्याशी उभे राहिले, घसा खाकरला.

"धरलं का?"

मग पलीकडून आलं, "धरलंय!"

मामांनी दांडा खाली केला. दोर ताणला, करकरला. डंपर हलला. डंपरचं पोट, म्हणजे सगळी नळ्यापाइपांची बाजू, भिंतीसारखी मामांच्या समोर होती. ती भिंत हळूहळू कलू लागली. तो मधला क्षण आला नि गेला, आणि गाडी खाली यायला लागली. मामांनी आयुष्यात पुष्कळ गाड्या ठेवल्या होत्या, पण अशी कधी ठेवली नव्हती. झुकणं नाही, धक्का नाही. शेवटच्या वितीला तर ती थांबून, जागा बघून टेकल्यासारखी टेकली. धूळसुद्धा उडाली नाही.

मिश्या उठून उभाच राहिला. "मामा! झोपलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं तशी ठेवलीत!"

मामा खूश झाले. "बापूचा हात बसला आता," म्हणाले. आणि 'सोड' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून कुणीतरी खांद्याला हात लावला.

"मामा, थांबा हो जरा. माझ्या कडीची पिन वाकलीय, तुमच्या पेटीतून दुसरी..." बापू बोलता बोलता थांबला. त्याने डंपरकडे पाहिलं. "आं? उभी केलीत?"

मामांनी त्याच्याकडे पाहिलं, मग डंपरकडे, मग परत त्याच्याकडे. "तू इकडे काय करतोयस?"

"आत्ता मागून आलो ना मी. तुम्हाला हाका मारल्या दोन, इंजिनाच्या आवाजात ऐकू नाही आल्या वाटतं."

"मग तिकडून ओ कुणी दिली?"

"कसली ओ?"

मिश्या हसला. "जावईबापू, सासऱ्याची थट्टा करू नका, उन्हाचे दिवस आहेत."

मामा वळसा घालून पलीकडे गेले. छोटी गाडी उभी होती. तिचा दोर रिळावर गुंडाळलेलाच होता, आकडा नुसताच लोंबत होता. माती कोरडी, पायाचे ठसे एकाच माणसाचे, बापूच्या बुटांचे. डंपरच्या सांगाड्याला ज्या जागी आकडा अडकवतात, तिथली धूळ पुसली गेली होती आणि लोखंड चकचकीत झालं होतं. मामांनी बोट लावलं. गरम. उन्हाने असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, की ही बाजू इतका वेळ सावलीत होती.

जायला वळले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. मागच्या टायरच्या खाली मातीचं एक ढेकूळ होतं. एवढ्या थोरल्या गाडीचा टायर त्यावर टेकलेला, आणि ढेकूळ शाबूत. दगड असेल म्हणून मामांनी वाकून नखाने टोकरलं. ते भुसभुशीत मातीचं होतं. बोटाने फुटलं.

३

माणसाचं मन मोठं वकील असतं. मामांचं मनही त्या दिवशी घरी जाईपर्यंत सगळे पुरावे लावून मोकळं झालं. ओ मिश्यानेच दिली असेल, त्या टेकाडावर आवाज फिरतात. गाडीत माती कमी उरली असेल, म्हणून हलकी टेकली. ढेकूळ टायरच्या खाचेत बसलं असेल. झालं.

तरी जेवताना ते दोनदा उठून खिडकीशी गेले.

"कुणाची वाट बघताय?" मामींनी विचारलं.

"कुणाची नाही."

"मग बसा की. घरात भिंगरी फिरतेय असं वाटतंय."

मामांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. पोट पुढे, हात कमरेवर, ती खोलीभर येरझाऱ्या घालत होती. "आई, बाबांना रागावू नकोस. मलाही बसवत नाही."

"तुझं निराळं. तुझे दिवस भरलेत. यांचे काय भरलेत?"

सगळे हसले. तेवढ्यात वारा आला आणि मागचं दार हललं. हे दार म्हणजे त्या घराची कटकट होती. वारा आला की धाडकन आपटायचं, पलीकडच्या बिऱ्हाडातून भिंतीवर ठोसे यायचे. मामींनी सवयीने खांदे आक्रसून घेतले. दार जोराने निघालं, अर्ध्यावर आलं, आणि मग संथ झालं. हळूहळू सरकत चौकटीला येऊन मिटलं. आवाजच नाही.

"अगंबाई, तेल घातलंत वाटतं. किती महिने सांगत होते," मामी म्हणाल्या.

मामांनी तेल घातलं नव्हतं. ते उठले, दार उघडलं, बाहेर मोरीपर्यंत पाहून आले. कुणी नव्हतं. मग त्यांनी अंगातल्या सगळ्या जोराने दार लोटलं. ते पुन्हा अर्ध्यावर संथ झालं आणि येऊन टेकलं. थांबून, जागा बघून.

"आता बसाल का?" मामी म्हणाल्या.

पुढच्या दिवसांत मिश्या तक्रार घेऊन आला. "मामा, गाडीला काय करून ठेवलंत? मागे ओढते."

"म्हणजे?"

"म्हणजे पुढे जायलाच तयार नाही. इंजिन बोंबलतं, चाकं गरगर फिरतात, जागची हलत नाही. काल उतारावर ब्रेक काढला, म्हटलं घरंगळेल तरी. बाई तश्शीच उभी. मेकॅनिकने सगळी उघडली, काही सापडलं नाही. म्हणतो, ड्रायव्हर बदला. आता मला सांगा, बदलायला मी काय बल्ब आहे?"

डंपर होता तिथेच सोडून दिला गेला. बाकीच्या गाड्या त्याला वळसा घालून जाऊ लागल्या.

४

त्यानंतर आणखी एक गाडी पडली, खाणीच्या तोंडाशी. या खेपेला मामा स्वतः आधी पलीकडे गेले, बापूचा आकडा डोळ्यांनी पाहिला, पिन हाताने फिरवून पाहिली. बापू म्हणाला, "मामा, मला काय आजच कामाला ठेवलंय का?"

"बोलू नको. जागा सोडू नको. मी सांगेपर्यंत शिंकूसुद्धा नको."

हाक दिली, ओ आली, बापूचीच. गाडी उठली आणि पुन्हा तशीच टेकली, हलकी, अलगद. "सोड!" म्हटल्यावर बापूचंच "सोडलं!" आलं. मामांच्या जिवात जीव आला. पण बापू गाडीला वळसा घालून आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"मामा, एक सांगू? हसू नका. माझ्या दोरावर भारच आला नाही."

"कसा नाही येणार?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत दोर ढिला. मी नुसता बसलो होतो. मग धरली कुणी?"

मामा म्हणाले, "जमीन सपाट होती." जमीन सपाट नव्हती. दोघांनाही ते दिसत होतं. दोघेही दोर गुंडाळायला लागले, आणि एकमेकांकडे न बघता गुंडाळत राहिले.

घरी लेकीचे दिवस भरून गेले, तरी कळा येईनात. शेजारच्या काकू म्हणाल्या, पहिलटकरणीचं असंच असतं. मामींनी मान डोलावली, पण रात्री त्यांना झोप नव्हती. मामांना तर दिवसाही बसवत नव्हतं. खुर्चीवर बसले तर वाटे, खुर्ची मागून कुणीतरी धरून ठेवलीय. जिना उतरताना सदऱ्याचं टोक कशाला तरी अडकल्यासारखं वाटे. वळून बघावं तर कठडा गुळगुळीत.

५

शेवटी एका सकाळी कळा सुरू झाल्या. बापूने गाडी काढली, सगळे दवाखान्यात गेले. दुपार व्हायला आली. कळा येत होत्या, जात होत्या, पण पुढे काही सरकत नव्हतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी बाहेर येऊन मामींना सांगितलं, "बाळाचे ठोके उत्तम आहेत, आईही ठीक आहे. सगळं जिथल्या तिथे आहे. फक्त बाळ खाली सरकत नाही. का, तेच कळत नाहीय. तासाभरात नाही झालं तर ऑपरेशन करून काढू. घाबरू नका, रोजचंच आहे."

मामा बाकावर बसले, उठले, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, परत बसले. आतून नर्सबाईंचा आवाज येत होता, "ताई, अंग सैल करा. असं धरून ठेवू नका."

आणि लेकीचा दमलेला, रडवेला आवाज, "मी कुठे धरतेय हो? मी नाही धरत."

मामांची उठबस थांबली.

त्यांना ती दुपार आठवली. खांद्यावरचा बापूचा हात आठवला. उघडलेलं तोंड आठवलं, आणि तोंडातच राहिलेला शब्द. त्या दिवशी ते डंपरला वळसा घालून गेले, धूळ पाहिली, ढेकूळ फोडलं, आपला दोर सोडून गुंडाळून घरी आले. पण 'सोड' म्हणाले नाहीत. ज्याने 'धरलंय' म्हणून ओ दिली होती, त्याला कुणी सोडायला सांगितलंच नव्हतं. आणि या धंद्यात सांगितल्याशिवाय सोडायचं नसतं. चांगला धरणारा तोच, जो हात तुटला तरी हाकेची वाट बघतो.

मामा मनाशी म्हणाले, म्हातारा झालास, डोकं फिरलंय तुझं. पोरीच्या बाळंतपणाचा आणि डंपरचा काय संबंध? मन पुन्हा वकिली करायला उभं राहिलं. पण तेवढ्यात परिचारक ऑपरेशनची ढकलगाडी घेऊन समोरून गेला, तिच्यावर झाकलेली चकचकीत हत्यारं होती, आणि मामा बाकावरून उठले. कारण त्यांना दोराबद्दल एक गोष्ट माहीत होती. ताणलेला दोर कधी कापायचा नाही. आधी सैल सोडायचा, मग काय हवं ते. त्यांच्या उमेदीच्या काळात एकाने घाईला येऊन ताणलेला दोर कापला होता. दोर कुठे गेला ते कुणाला दिसलं नाही. माणूस कुठे गेला तेवढं दिसलं.

"बापू, किल्ली द्या," मामा म्हणाले.

"आत्ता? कुठे निघालात?"

"एक काम राहिलंय."

"मामा, तिची ही वेळ, आणि तुम्हाला काम आठवतंय?" बापू पहिल्यांदाच सासऱ्यावर चिडला होता.

"तिच्याचसाठी जातोय. तुम्ही इथून हलू नका," मामा म्हणाले, आणि किल्ली हातातून ओढूनच घेतली.

६

साइटवर जेवणाची सुट्टी होती. इंजिनं गप्प. डंपर एकटाच उतारावर उभा होता, काचेवर धूळ, हौद्यात वाळलेली माती. मामा ओढायच्या बाजूला गेले, विंचची गाडी त्या दिवशी जिथे उभी होती त्याच जागी. समोर डंपरची कूस. पलीकडचं काही दिसत नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. कुणी पाहिलं तर म्हणेल, म्हाताऱ्याला ऊन लागलं.

त्यांनी घसा खाकरला.

"सोड!"

काही नाही. वारासुद्धा नाही. मामांना हायसं वाटलं. रिकाम्या गाडीशी बोललो, एवढंच. ते परत फिरणार, तोच पलीकडून आवाज आला. त्या दिवशीचाच, पण तेव्हा इंजिनांमुळे नीट ऐकू आला नव्हता. दोन्ही हातांत जड ओझं असताना, दातांवर दात धरून, श्वास न सोडता माणूस बोलतो तसा.

"काय काय सोडू?"

मामा पुन्हा डंपरकडे वळले. सबंध आयुष्यात धरणाऱ्याने कधी असं विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात? गाडी धरलीय, गाडी सोडायची.

ते हळूच खाली बसले, एक हात जमिनीवर टेकला, आणि डंपरच्या पोटाखालून पाहिलं. चाकांच्या मधून पलीकडचा उजेड दिसायला हवा होता. तो होता, पण पुरता नव्हता. उजेडात मातीत रुतलेली एक टाच दिसली. अनवाणी, पांढरी, मागे रेललेल्या माणसाची टाच. रस्सीखेचीत असतात तशी. तिच्या मागे दुसरी. तिच्या मागे आणखी. ती रांग उतारावरून लांबवर गेली होती, आणि कुठे संपत होती ते मामांनी पाहिलं नाही, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले.

"पोरीचं बाळ," मिटल्या डोळ्यांनीच ते म्हणाले. आवाज त्यांचा राहिला नव्हता. "माझ्या लेकीचं बाळ. सावकाश. आधी तेवढं."

पलीकडे काहीतरी करकरलं.

"सोडलं."

खिशातला फोन वाजला तेव्हा मामा किती वेळ तसे बसले होते, त्यांनाच कळलं नाही. मामी एकाच वेळी रडत आणि हसत होत्या. "अहो, कुठे उलथलात? झालं! टेबलावर घेत होते आणि झालं! हातसुद्धा लावावा लागला नाही. मुलगी आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, अशी अलगद आली की बघत राहिलो. हे बघा, ऐका."

फोनमधून रडणं आलं. खणखणीत, रागावलेलं, जगाला जाब विचारणारं. मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "आलोच," ते म्हणाले. "आलोच मी."

ते गुडघ्यावर हात ठेवून उठले.

"बाकीचं?" पलीकडून आलं.

बाकीचं म्हणजे काय? मामांनी वर पाहिलं. उतारावर डंपर. खाली, डंपरच्या नाकासमोर, शेडच्या सावलीत माणसं डबे उघडून बसली होती, मिश्या काहीतरी सांगत होता, सगळे हसत होते. त्यांच्या पलीकडे अर्धवट पूल. पुलाच्या पलीकडे शहर, घरांवर घरं, आणि त्यात कुठेतरी त्यांचा जिना, त्यांची खुर्ची, मामी, बापू. विचारावं का, काय काय धरलंस म्हणून? पण विचारलं तर तो मोजायला लागेल. आणि मोजता मोजता एखादा हात सुटला तर?

"नको," मामा घाईने म्हणाले. "बाकीचं राहू दे. धर."

"धरलंय."

७

नात आता धरून उभी राहते. टेबलाला, खुर्चीला, आजोबांच्या पायाला. पडते, पण लागत नाही तिला. मामी म्हणतात, पोरगी मोठी नशिबाची. मामींचा स्वतःचा कित्येक वर्षांचा खोकला थांबलाय. जिन्यावरच्या तुळईला भेग पडलीय असं सगळे म्हणत होते, ती पुढे वाढलेली नाही. बापू परवा मोटरसायकलवरून घसरला, आणि उठून, अंग झटकून, हसत घरी आला. "कुणीतरी कॉलर धरल्यासारखं झालं बघा," म्हणाला. सगळे हसले. मामा उठून खिडकीशी गेले.

त्यांनी काम सोडलंय. ओढायची बाजू आता दुसरा एक जण बघतो, बापू धरतो. दोराला पुन्हा भार येतो म्हणे. तरी मामा रोज दुपारी साइटवर जातात. मध्यंतरी ठेकेदाराने तो डंपर गॅसने कापून भंगारात द्यायचा ठरवला, तर मामा त्याच्यासमोर जाऊन बसले आणि उठेनात. मुकादम म्हणाला, "मामा, लग्न लावून देऊ का त्याच्याशी?" मामा म्हणाले, "लाव." शेवटी ठेकेदार कंटाळला. गाड्या वळसा घालून जातातच, राहू दे, म्हणाला.

माणसं जेवायला गेली की मामा त्यांच्या ठरल्या जागी उभे राहतात. खाली वाकून बघत नाहीत. एकदा पाहिलं तेवढं पुरे. घसा खाकरतात आणि विचारतात, "धरलं का?"

ओ येते. अजून येते. पण पूर्वी विचारल्या विचारल्या यायची. हल्ली मामांना थांबावं लागतं.